कानफाटीने ओढा कसा ओलांडला

६ जुलै २०२५
खासबाग, बेळगाव

आक्का,

हे पत्र दाजींच्या हातून येतंय. त्यांच्यावर चिडू नकोस. ते निपाणीच्या बाजाराला आले की मी त्यांना खताच्या दुकानात गाठणार आणि कागद पिशवीत टाकणार. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हा मार्ग. वाचायचं नसेल तर चुलीत घाल. पण त्याआधी एवढं सांग: पेरणीच्या सुमाराला तुमच्या कोठीतलं एखादं पोतं ओढ्यापलीकडे आपल्या गावात आलं होतं का? शेंगांचं, ज्वारीचं, कसलंही.

का विचारते ते सांगते.

मेच्या शेवटी आमच्या प्रयोगशाळेतले दोघे तुझ्या कोठीत पिंजरे लावायला आले होते. दाजींनी परवानगी दिली. ते दोघे जाईपर्यंत तू स्वयंपाकघरातून बाहेर आली नाहीस म्हणे. मी आले नव्हते. का, ते तुलाही माहीत आहे. त्यांनी उंदीर धरले, शेपटीतून थेंबभर रक्त घेतलं, प्रत्येकाच्या कानात मसुरीएवढा पितळी बिल्ला अडकवला आणि जिथे धरले तिथेच सोडून दिले. त्यांत एक मादी होती. तिचा डावा कान आधीच फाटलेला, म्हणून बिल्ला उजव्या कानात घालावा लागला. दाजींनी तिचं नाव कानफाटी ठेवलं, आणि आता प्रयोगशाळेतही सगळे तिला कानफाटीच म्हणतात.

मागच्या आठवड्यात ती मला सापडली. तुझ्या कोठीत नाही. आपल्या शेतात, ओढ्याकाठच्या जांभळीखालच्या पिंजऱ्यात.

बिल्ल्यावरचा आकडा मी पुन्हापुन्हा वाचला. फाटका कान बघितला. तीच.

उंदीर पोहतो हे मला ठाऊक आहे. पण ओढ्याला मृगापासून पाणी आहे, आणि कोठीतला उंदीर कोठी, गोठा, शेजारची गंजी एवढ्यातच जन्म काढतो. तुझ्याकडे खायला भरपूर असताना वाडी सोडून, पाणंद ओलांडून, वाहतं पाणी पोहून तिने इथे कशाला यावं? म्हणून पोत्याची शंका.

तुला वाटेल, एका उंदरासाठी केवढी चौकशी. त्याचं असं आहे. आपल्या बाजूच्या शेतातल्या उंदरांच्या रक्तात एक जुना विषाणू आहे. तुमच्या बाजूच्या एकाही उंदरात तो नाही. मध्ये फक्त ओढा. दोन वर्षं मी हाच फरक तपासते आहे. घाबरू नकोस, आमच्या माहितीत यातून कुठल्या माणसाला काही झालेलं नाही. तरी आम्ही निळा झगा, मास्क आणि हातमोजे घातल्याशिवाय पिंजऱ्याला हात लावत नाही. तूही कोठी कोरडी झाडू नकोस. आधी पाणी शिंपड, तोंडाला पदर बांध. एवढं माझं ऐक, बाकी ऐकू नकोस.

मला ओढ लागली आहे ती वेगळ्याच गोष्टीची. हा विषाणू एकदा उंदरात शिरला की मरेपर्यंत जात नाही. आणि उंदीर आजारी दिसत नाही. खातो, पिल्लं घालतो, नर एकमेकांचे लचके तोडतात. बहुतेक त्या चाव्यांतूनच तो एकाचा दुसऱ्याला लागतो. आपल्याला ताप येतो तेव्हा शरीर जंतूला घालवायला धडपडत असतं. निम्मा आजार त्या धडपडीचाच असतो. या उंदरांच्या रक्तात मात्र विषाणूही आहे आणि त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडंही आहेत. म्हणजे कुणीतरी आत आलंय हे शरीराला कळलेलं आहे. तरी ते त्याला हाकलून लावत नाही. का, हे कुणालाच पुरतं माहीत नाही.

खासबागेत खोली घेतली आहे. खाली माग आहेत, दिवसभर खडखड असते. आज बंद आहेत, म्हणून लिहायला सुचलं.

पोत्याचं तेवढं कळव.

अंजनी


२० जुलै २०२५
खासबाग

आक्का,

पोत्याचं उत्तर आलं नाही. पत्र चुलीत गेलं नाही, चहाच्या डब्यामागे गेलं, एवढं दाजींकडून कळलं. तू ते पुन्हा काढून वाचलंस का, हे विचारल्यावर ते टोपी सारखी करत म्हणाले, “मी काय बघितलेलं न्हाय, आनि तू मला काय इचारलेलं न्हाईस.”

आता उत्तराची गरजही राहिली नाही. पोतंबितं काही नव्हतं. मी ही शंका आपल्या धाकट्या नागेंद्रला सांगितली तेव्हा तो धार काढत होता. तुला त्याचं हसणं माहीत आहे, आधी नुसते खांदे हलतात. मग म्हणाला, “अंजाक्का, एवढी शिकलीस आनि हे इसरलीस व्हय? उंदीर मारतंय कोण हितं? धरायचा आनि ओढ्यापलीकडं सोडायचा. वाडीवालं त्यांचं आणून हिकडं सोडत्यात. आपलं उंदीर महाराष्ट्रात, त्यांचं कर्नाटकात. सरकारी बदलीसारखं.”

आक्का, हे मी विसरण्यासारखं नव्हतंच. आईचा तारेचा पिंजरा, तू पुढे, मी मागे. गणपतीचं वाहन, त्याला मारायचं नाही. आपल्याच शिवारात सोडला तर रात्रीत परत येतो, म्हणून ओढ्यापलीकडे. आणि सोडताना भाकरीचा तुकडा, वर शेंगदाण्याची चटणी. कुणालाही दारातून उपाशी लावायचं नाही, उंदरालासुद्धा. हे सगळं मी स्वतः केलेलं. आणि दोन वर्षांपूर्वी या कामाचा अर्ज लिहिताना मीच लिहिलं, ‘दोन्ही बाजूंच्या उंदरांमध्ये ओढ्याचा नैसर्गिक अडथळा आहे.’ परक्या गावात काम केलं असतं तर पहिल्याच दिवशी विचारलं असतं, तुम्ही उंदरांचं काय करता. इथे विचारायची गरजच वाटली नाही.

मग उलटं का झालं नाही, आपल्याकडचा विषाणू वाडीत का गेला नाही, हे मी नागेंद्रशी बोलता बोलताच उलगडलं. आपल्या गावचे लोक धरतात ते घरातले उंदीर. विषाणू आहे तो शेतातल्या उंदरांत, आणि शेतातला उंदीर पिंजऱ्यात धरून कोण पोहोचवतं?

बेंगळुरूला माझ्या वरिष्ठ मॅडम आहेत. त्यांना फोन केला. त्या आधी खूप हसल्या. मग म्हणाल्या, माणसंच उंदीर इकडून तिकडे नेत असतील तर तुझा ओढा कोसळला, अहवालात काय लिहिणार? अहवाल ऑगस्टअखेर द्यायचा आहे. आणि मग त्यांनीच विचारलं, ती कानफाटी मे महिन्यात निरोगी होती ना? आणि आता?

आता तिच्या रक्तात विषाणू आहे, भरपूर. आणि लागण नवी असताना दिसतात तशी प्रतिपिंडं.

इथे खरी गोष्ट सुरू होते. प्रयोगशाळेतला उंदीर स्वच्छ डब्यात वाढतो. मोठा झाला तरी त्याची प्रतिकारशक्ती तान्ह्या बाळासारखी कोरी असते. त्याला विषाणू कधी दिला हे आपल्याला माहीत असतं, पण तो खरा उंदीर नसतो. शेतातला उंदीर खरा. पिसवा, जंत, चावे, सगळं सोसलेला. पण त्याला लागण कधी झाली हे कधीच कळत नाही. तो पिंजऱ्यात येतो तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं. कानफाटी दोन्ही आहे. खरी, आणि जिची सुरुवात शोधता येईल अशी. ती इथे कुठल्या दिवशी आली एवढं कळलं, तर त्या दिवसाआधी तिला लागण झालेली नाही हे नक्की धरता येईल. मग पुढचं सगळं मांडता येईल. शरीर कधी जागं झालं, किती लढलं, आणि कधी थांबलं.

शरीरात लढणाऱ्या पेशी असतात तशा आवरणाऱ्याही असतात. बैल उधळला की कासरा ओढून धरतात, तसं त्यांचं काम. या उंदरांत त्या जास्त असाव्यात असा आमचा कयास आहे. त्या कासरा कधी ओढतात, हे मला बघायचं आहे.

म्हणून कानफाटी कुणी सोडली आणि कधी, हे शोधते आहे. वाडीतले बाकीचे लोक रस्त्यावरच्या फरशी पुलाजवळ सोडतात, असं नागेंद्र म्हणतो. जांभळीकडे कुणी येत नाही. पण तिथल्या पिंजऱ्यात उंदीर नेहमी कमी सापडतात, जसे काही पोट भरलेले असावेत. परवा तिथे मुळाशी भाकरीचा तुकडा दिसला. लाल चटणी लावलेला. धनगर जेवायला बसले असतील.

अंजनी


२८ जुलै २०२५, सोमवार
गावातून

आक्का,

हे पत्र मी दाजींना देणार नाही.

आज सकाळी पिंजरे गोळा करायला मी एकटीच शेतात गेले. सोमवारी आपल्या शिवारात कुणी नसतं, हे तुला सांगायला नको. नंदीचा वार, बैलाला जू नाही म्हणून आता ट्रॅक्टरलाही नाही. नागेंद्रचं म्हणणं, इंजिनाला बी बसवण्णाची भीती पायजे. शेवटचा पिंजरा कडेच्या उसात होता. तो उचलायला आत शिरले आणि ओढ्यातून कुणीतरी चालत येतंय असा आवाज आला.

तू होतीस.

साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. हातात आईचाच पिंजरा, एका कडेची तार सुतळीने बांधलेला. तो तू काठाला टेकवलास, झडप उघडलीस. उंदीर बाहेर येईना. तू खालून टिचकी मारलीस, त्याला काहीतरी बोललीस, ते मला ऐकू आलं नाही. तो गेल्यावर कमरेची पिशवी उघडून भाकरीचा तुकडा काढलास आणि जांभळीच्या मुळावर ठेवलास. मग तशीच उभी राहिलीस. खूप वेळ. आणि परत फिरलीस.

मी उसातून बाहेर आले नाही.

मे २०२०चं सगळं तिथे उभं राहून आठवलं. आप्पा सकाळी गेले. या ओढ्याच्या पायवाटेवर टाळेबंदीचा आडवा चर खोदलेला, पलीकडे बाभळीच्या फांद्या, फरशीवर पोलीस. माझ्याकडे प्रयोगशाळेचा पास होता, म्हणून मी बेंगळुरूहून पोहोचले. तुझ्याकडे पास नव्हता, म्हणून तू ओढ्यापलीकडून पोहोचली नाहीस. नागेंद्र दोनदा जाऊन विचारून आला. म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं, ऊन चढतंय, थांबता येणार नाही. तू पलीकडच्या काठावरून धूर बघितलास. त्या संध्याकाळी तू दाजींकडून निरोप पाठवलास की या ओढ्याच्या अलीकडे तू पुन्हा पाय टाकणार नाहीस. चर त्याच पावसाळ्यात बुजवला. तू आली नाहीस. नागेंद्रच्या लग्नालाही नाही.

आणि आता कळतंय की तू येतेस. सोमवारी, कुणी बघत नसताना, उंदराचं निमित्त करून.

उद्या पंचमी. गावातल्या सगळ्या लेकी माहेरी आल्या आहेत.

मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे: कानफाटी कुठल्या सोमवारी आली. ती तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. पण विचारलं तर मी तुला बघितलं हे तुला कळणार. आणि एकदा कळल्यावर मला सांगावंच लागेल की उंदीर इकडे आणू नकोस. निरोगी उंदीर आजाराच्या जागी आणून सोडले जातायत हे माहीत असून मला नुसतं बघत बसता येणार नाही. मग तुला इथे यायला निमित्तच उरणार नाही.

एका अहवालासाठी तुझा सोमवार घालवावा, असं मला वाटत नाही.


१२ ऑगस्ट २०२५
खासबाग

आक्का,

यासोबत जुलैचं एक पत्र आहे, जे मी पाठवलं नव्हतं. आधी ते वाच.

मॅडमनी मला वाट काढून दिली होती. कानफाटी आणि तिच्यासारखे आणखी दोन-तीन बिल्लेवाले उंदीर अहवालातून वगळ, बाकीच्यांचं लिही. दोन आठवडे मी तसंच लिहायचा प्रयत्न केला. तेही जमलं असतं. पण डोळ्यांसमोरून एक गोष्ट हलत नाही. तू झडप उघडलीस तेव्हा तुझे हात उघडे होते. माणसाला काही झालेलं नाही असं मी तुला लिहिलं, ते खरं आहे. पण ‘झालेलं दिसलं नाही’ आणि ‘होणार नाही’ यांत फरक आहे, आणि माझं सगळं शिक्षण त्या फरकाचंच आहे. मी तुला बघून गप्प बसले, आणि उद्या तुला उंदीर चावला तर?

म्हणून सांगते. उंदीर आणणं बंद कर. कोठीतला उंदीर हाताने धरू नकोस, पिंजरासुद्धा फडक्याशिवाय उचलू नकोस.

आणि विचारतेही. कानफाटी कुठल्या सोमवारी सोडलीस? जूनचे सगळे सोमवार मी समोर मांडून बसले आहे. तिला मी जुलैअखेर पुन्हा पकडलं, त्याच जांभळीखाली. जूनपेक्षा तिचं वजन वाढलंय. गाभण आहे. विषाणू कमी झाला आहे, पण गेलेला नाही. आणि आवरणाऱ्या पेशी, त्या कासरा धरणाऱ्या, खूप वाढल्यात. म्हणजे काय घडलं ते मला दिसतंय, फक्त कुठून मोजायचं ते माहीत नाही.

उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस. मग मी ‘माहीत नाही’ असं लिहीन. शास्त्रात ते लिहिता येतं. पण सोमवारी येणं या पत्रामुळे बंद झालं, तर ते मी कुठल्या अहवालात लिहू?

अंजनी


तारीख १८
वाडी

अंजे,

तुझी दोनी कागदं यांनी आणून दिली. मला लिवायची सवय ऱ्हायलेली न्हाय, वाचून हसू नको.

उसात दडायला तुला कुणी सांगितलतं गं? निळा झगा घालून उसात कोण दडतंय? लांबनंच दिसलीस मला, नीळकंठ बसल्यागत. मला वाटलं भायेर येशील. म्हणून थांबलते. उंदीर कवाच गेलता, तरी मी पिंजरा धरून उभी. तू काय आली न्हाईस. मग मी बी गेले.

आनि मी बोलले ते मोडलेलं न्हाय. माझा पाय पाण्यात हुता. काठावर एकदा बी टाकलेला न्हाय. पिंजरा काठाला, भाकरी मुळावर, पाय पाण्यात. इचार तुझ्या उंदरास्नी.

वार इचारलास. कानफाटी सोडली कर्नाटकी बेंदराच्या आदल्या सोमवारी. हितं आमच्यात बेंदूर म्हैन्यानं येतोय, पर मला तिकडचाच ध्यानात ऱ्हातोय. पाणी तवा घोट्याला बी लागत नव्हतं. ती बया पिंजऱ्यातनं निघंना, लई लाडावलेली. दुसरं दोन बिल्लेवाले एकादशीचा उपास सोडला त्या सोमवारी. पंचमीच्या आदला तुला म्हाईत हाय. मधी एक आणलता त्याच्या कानात काय नव्हतं, तो तुझ्या कामाचा न्हाय.

आप्पांचं लिवलंस. तुला पास हुता, मला नव्हता, त्यात तुझं काय न्हाय हे मला तवा बी कळत हुतं. पर तुमी तासभर थांबला असता, एवढंच माझ्या मनात फिरतंय. थांबून काय झालं असतं ते बी म्हाईत न्हाय. राग असा जात न्हाय, अंजे. ऱ्हातोय. त्यो घिऊनच सैपाक करते, धार काढते, हसते बी.

उंदीर आणायचं बंद करते. मग कोठीतल्याचं काय करू ते सांग. मारायचं मला जमणार न्हाय. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी उंदरीला त्याला मटणाचा नैवेद्य दावायचा आनि आठवड्यानं त्यालाच औषध घालायचं, हे आईला कवा पटलं न्हाय.

पाणी शिंपडून झाडते. पदर बी बांधते. बाकी ऐकत न्हाय.

मंगल


१ सप्टेंबर २०२५, सोमवार
गावातून

आक्का,

तू आत्ताच गेलीस आणि मी लिहायला बसले आहे. समोर होतीस तेव्हा सांगायचं ते निम्मं राहिलं.

अहवाल शनिवारी गेला. मॅडमनी बैलांचा बेंदूर म्हणजे काय आणि दोन राज्यांचे दोन बेंदूर का, हे मला फोनवर दोनदा विचारलं. मग तारीख काढली, आणि ती बसली. कानफाटी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात तिच्या रक्तात विषाणू भरलेला होता, ती रोडावलेली होती, लढणाऱ्या पेशी जोरात होत्या. पुढच्या महिन्यात आवरणाऱ्या पेशी वर आल्या आणि तिचं वजनही परतलं. कासरा कधी ओढला जातो, ते आम्हाला पहिल्यांदा दिसलं. एका उंदरावरून काही ठरत नाही. एकादशीच्या सोमवारचे तुझे दोघेही त्याच वाटेने चाललेले दिसतात. तिघांवरूनही फारसं ठरत नाही. पण कुठे बघायचं ते कळलं.

गेल्या आठवड्यात जांभळीखाली बारकी पिल्लं पिंजऱ्यात आली. प्रतिपिंडं आहेत, विषाणू नाही. दुधातून आईकडून आलेली असणार, काही आठवड्यांत ओसरतील. ती पिल्लं कानफाटीचीच असं म्हणता येत नाही. नागेंद्र मात्र म्हणतो, कान बघ की, तशीच आगाऊ हाईत.

तू जांभळीखाली बसून विचारलंस, ते उंदीर शेवटपर्यंत भांडत का न्हाईत? मी घाईघाईने आवरणाऱ्या पेशींचं सांगत सुटले. खरं उत्तर मला आता सुचलं. आम्हाला माहीत नाही. जे शेवटपर्यंत भांडले असतील ते कदाचित मेले असतील, आणि मेलेला उंदीर पिंजऱ्यात येत नाही. आमच्या हाती लागतात ते जगलेलेच. त्यांच्यावरून आम्ही सगळ्यांचं सांगतो. हे मी पुढच्या वर्षीच्या कामात पहिल्या पानावर लिहिणार आहे.

कोठीचं सांगायचं राहिलं. पत्र्याच्या कणग्या घ्या, भिंतीतली भोकं काचा घालून सिमेंटने बुजवा. आत खायला नसेल तर उंदीर स्वतःच जागा बदलेल. मारायची वेळ येणार नाही. दाजींना सांगितलं, ते म्हणाले, “म्हंजे आता उंदरास्नी बी बदलीचा हुकूम.”

गुरुवारी उंदरीचं पान नागेंद्रने जांभळीखाली ठेवलं होतं. दरवर्षी तो विहिरीजवळ ठेवतो.

आणि सकाळचं. मी झगा घातला नव्हता. उघड्यावर, काठाशी उभी होते. तू वळणावरून आलीस, साडी खोचलेली, हातात पिंजरा. मला वाटलं, झालं, हिने ऐकलं नाही. पाणी मांडीला लागत होतं तरी तू नेहमीच्या जागी येऊन थांबलीस. मी वाकून पिंजऱ्यात बघितलं. रिकामा होता.

मी बघतेय हे बघून तू म्हणालीस, “सोडायला काय न्हाय. नुसतीच आले.”

मग आपण दोघी तशाच थांबलो. तू पाण्यात, मी काठावर. पंचमीच्या आदल्या दिवशी जेवढा वेळ तू थांबली होतीस तेवढा असेल. शेवटी तूच वैतागलीस.

“हात दे की. शेवाळ हाय.”

नागेंद्रने चहात साखर दोनदा घातली, आणि तू तो तसाच प्यायलीस, तेही मी बघितलं. आप्पांच्या फोटोसमोर तू उभी होतीस तेव्हा आम्ही दोघे गोठ्यात गेलो, तिथे काही काम नव्हतं.

तुझा पिंजरा सोप्यात राहिला आहे. दाजी उद्या बाजाराला येतील, पण मी तो त्यांच्याकडे देणार नाही. तूच येऊन ने.

अंजी